तळघरातली चाळीस पावलं

"मग जाऊ की नको, मास्तर?"

हा प्रश्न चिदानंदनं त्या आठवड्यात सातव्यांदा विचारला. दस्तगीर मास्तर सोलापुरातल्या एका वरातीच्या बँडचे प्रमुख. चिदानंद त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं ड्रम वाजवत होता, आणि आता त्याला स्वतःच्या बँडबरोबर बेंगळुरू गाठायचं होतं. मास्तरांच्या होकाराशिवाय निघायची त्याची छाती नव्हती, आणि होकार येईपर्यंत गप्प बसायचा स्वभाव नव्हता.

मास्तर क्लॅरिनेट पुसत राहिले.

"आधी ऐकतो," एवढंच म्हणाले.

रविवारी संध्याकाळी ते ऐकायला आले. कार्यक्रम एका चादरींच्या दुकानाखालच्या तळघरात होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना चादरींचे गठ्ठे लावलेले. श्रोते सव्वीस, त्यातले सहा वादकांचे नातेवाईक. सगळे काळ्या कपड्यांत. मास्तर तेवढे वरातीचा लाल कोट घालून आले. कार्यक्रमाला जायचं तर तोच घालतात, अशी त्यांची समजूत होती.

चिदानंदच्या बँडचं नाव 'अर्जदार गैरहजर'. संगीताचा प्रकार पोस्ट-पंक, म्हणजे आनंद झाला तरी तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. गाणारा गात नव्हता, जप्तीची नोटीस वाचून दाखवावी तसा बोलत होता. गिटार मधूनमधून कण्हत होती. ऋजुता नावाची मुलगी बास गिटारवर तीन सूर वाजवत होती, आणि ते संपले की तेच तीन पुन्हा. या सगळ्याखाली चिदानंदनं एक सरळ ठेका धरायचा, बस.

तेच त्याच्याच्यानं होईना. मास्तर एका गठ्ठ्यावर बसले होते. डोळे मिटलेले, पाय स्थिर. अकरा वर्षांत त्यांनी त्याला कधी 'बरं' म्हटलं नव्हतं. आज म्हणतील, या आशेनं त्यानं ठेक्यात एक गिरकी घुसवली. मग दुसरी. लय चढली. ऋजुतानं मागे वळून डोळे वटारले. गाणाऱ्याला नोटीस भराभर वाचावी लागली.

मास्तरांचे डोळे मिटलेलेच...

आणि वीज गेली.

गिटार, बास, माईक, सगळं एका दमात मुकं झालं. ड्रमला वीज लागत नाही. श्रोत्यांनी मोबाइलचे दिवे लावले, आणि सगळा उजेड चिदानंदवर पडला. मग काय विचारता. अकरा वर्षांत शिकलेलं सगळं त्यानं एकदम बाहेर काढलं. काळ्या कपड्यांतली मंडळी प्रथमच हसली. टाळ्या पडल्या. नातेवाइकांनी शिट्ट्या मारल्या.

मास्तर उठले. उजवा हात वर केला. पंजा उघडा.

वरात दवाखान्यासमोर आली की मास्तर असाच हात वर करत. बँड मुका होई. नाचणारे चिडत, नवऱ्याचे मामा अंगावर धावून येत, पण हात खाली येत नसे. बाराही वादक मनात ठेका मोजत चाळीस पावलं नुसते चालत. मग हात पडे, आणि बाराही जण एकाच ठोक्यावर वाजायला लागत.

इथे कुठला आला दवाखाना? चिदानंद संतापला. त्यानं हात न पाहिल्यासारखं केलं आणि आणखी थोडं बडवलं.

हात तसाच होता.

काठ्या थांबल्या.

पाच... नऊ... त्याचे गुडघे हलत होते, मनगटं शिवशिवत होती. संपलं का, असं कुणीतरी हळूच विचारलं. सोळा... त्यानं मास्तरांकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, पुन्हा मास्तरांकडे. बावीस... त्यानंतर कुणाकडे बघायचं तो विसरला.

चाळिसाव्याला हात पडला. चिदानंद तिकडे बघत नव्हता. त्याचा ठोका त्याच क्षणी पडला, साधा आणि सरळ.

ऋजुताची बोटंही त्याच ठोक्यावर तारांवर आली. तिला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं, आणि तिच्या बासमधून आवाजही निघणार नव्हता. गाणाऱ्यानं मेलेला माईक खाली ठेवला आणि उरलेलं गाणं तसंच म्हटलं. ते ऐकू यावं म्हणून लोक जवळ सरकले.

कार्यक्रम संपल्यावर चिदानंदनं मास्तरांना जिन्यातच गाठलं. लोक खूश होते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही अडवलंत, असं त्यानं धापा टाकत सुनावलं. मास्तर लाल कोटाची बटणं काढत होते. तो एक पायरी उतरला, दोन चढला. मग बेंगळुरूचं काय ते आत्ताच सांगा, म्हणाला.

मास्तर शेवटच्या बटणाशी पोचले.

"थांबलास ना?"

"थांबलो की... तुम्ही थांबवलंत."

"हात तर नवऱ्याच्या मामांनाही दिसतो. ते कुठे थांबतात?"

चिदानंदचे पाय आता एकाच पायरीवर होते.

मास्तरांनी कोट घडी करून काखेत धरला.

"मग जा."