नवरीचा डावा डोळा

"हा कसला आवाज, बाबा?"

धाकूने बापाला असं विचारलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. होडी खाडीच्या तोंडाशी उभी होती. जाळं पसरून झालं होतं, आणि बाप वल्ह्याच्या दांड्याने होडीची कड ठोकत होता. ठक्... ठक्... ठक्...

"भीतीचा," बाप म्हणाला. "मासा ह्या आवाजाला भितो. भ्याला की पळतो. पळाला की जाळ्यात येतो."

त्या गोष्टीला साठाच्या वर वर्षं झाली. बाप गेला, होडी गेली, धाकूचे धाकूतात्या झाले. बंदरावरच्या मत्स्यालयात ते माशांची देखभाल करू लागले, त्यालाही आता वीस वर्षं होत आली. एका सोमवारी सकाळी ते आत शिरले, आणि तोच आवाज कानावर आला.

सोमवारी मत्स्यालय बंद असतं. आत फक्त निरंजन होता. मोठ्या टाकीच्या काचेवर किल्लीने ठोकत होता.

"काय रे, काय चाललंय?"

"ती दगडाआड तोंड खुपसून बसलीय, तात्या. डावी बाजू दाखवतच नाही. डोळा बघायला नको का?"

"केव्हापासून ठोकतोयस?"

"आल्यापासून."

तात्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीशी ठेवल्या. निरंजनने आणखी दोनदा ठोकलं, मग किल्ली खिशात घातली.

निरंजन खवणेकर कॉलेजात माशांचं शास्त्र शिकून आला होता. तात्यांची शाळा चौथीतच सुटलेली. तरी त्याला तात्यांच्या हाताखाली ठेवलं होतं, आणि पोरगा हुशार होता. तात्या काही सांगायला लागले की वाक्य अर्ध्यावर असतानाच तो म्हणायचा, "हे मला माहीत आहे." आणि बहुतेक वेळा ते त्याला माहीत असायचं.

दगडाआड बसली होती ती नवरी. हळदीच्या रंगाची, अंगावर निळे पट्टे. म्हणून तिला सगळे नवरी म्हणत. लांबच्या बेटांकडच्या समुद्रातली. नऊ दिवसांपूर्वी तिचा डावा डोळा सुजला. आता तो बोरासारखा बाहेर आला होता, आणि वर दुधाची साय धरावी तसा पडदा.

"पाणी तपासलं," निरंजन म्हणाला. "क्षार बरोबर. उष्णता बरोबर. उजवा डोळा ठणठणीत. दोष पाण्यात असता तर दोन्ही डोळे सुजले असते. एकच सुजलाय म्हणजे लागलंय."

"बरोबर आहे."

"म्हणून मी गुन्हेगार शोधला."

त्याने दाराकडे बोट केलं. दाराशी निळी बादली होती. बादलीत हवालदार.

हवालदार म्हणजे दातवाला काळा मासा. दिवसभर टाकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायचा, वाटेत येईल त्याला ढुशी द्यायचा. आता बादलीत त्याला वळायलाही जागा नव्हती.

"ह्याचं काय करणार?"

"धक्क्यावरून सोडून देतो. भरती आहे तोवर."

"धक्क्याखाली गाळ आहे. डिझेल आहे. हा नितळ पाण्यातला. संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही."

"मग काय करू? नवरीचा दुसरा डोळाही जाऊ देऊ?"

निरंजन दारापर्यंत गेला, बाहेर पाणी कुठवर चढलंय ते बघून आला, पुन्हा काचेशी उभा राहिला. मग पुन्हा दारापर्यंत गेला. तात्यांनी मासळीचा रिकामा क्रेट उलटा केला आणि बादलीपाशी बसले.

"जरा बस."

"बसून काय होणार?"

"काही नाही."

तो बसला नाही.

तात्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. नखाच्या खाली मांस कमी होतं, वाटाण्याएवढं.

"हे कोणी केलं, आठवतं?"

"हवालदाराने. गेल्या वर्षी, काच पुसताना. तुम्ही वर हसत होता."

"रडून काय करू? तो चावतो तेव्हा लचका काढतो. गोल. आता नवरीचे पर बघ. एक तरी कुरतडलाय?"

निरंजनने बघितलं. न बघताही त्याला माहीत होतं.

"डोळ्यावर ओरखडा आहे, काल दिसला मला," तात्या म्हणाले. "सरळ. पुढून मागे."

"मग दगडाला घासली असेल."

"असेल."

"असेल म्हणजे घासलीच असणार."

"मग हवालदार बादलीत का?"

...

पंपाचा आवाज तेवढा येत होता. हवालदाराने बादलीला एक ढुशी दिली.

तात्या उठले. खांबाला जाळी टांगलेली होती, ती घेऊन आले. हातभर दांडी, तारेचं कडं, हिरवं जाळं. कड्याची दोन टोकं जिथे जुळतात तिथे पांढरा दोरा गुंडाळलेला होता. कोरा दोरा. जाळी दोन वर्षं जुनी.

ते परत क्रेटवर बसले आणि दोरा उलगडायला लागले. एक वेढा. दुसरा. त्यांची बोटं आता जाड झालेली, गाठ लवकर सुटेना. निरंजन बघत उभा राहिला. आत्तापर्यंत त्याचे पाय एका जागी ठरले नव्हते, ते आता ठरले.

दोरा सुटला. तारेचं एक टोक गव्हाच्या दाण्याएवढं वर आलेलं होतं.

तात्यांनी ते आपल्या मनगटावर टेकवलं, आणि कोपरापर्यंत ओढत नेलं. सावकाश. मागे पांढरी रेघ उठली. मग ती लाल झाली.

त्यांनी हात निरंजनपुढे धरला. 

...

"त्या दिवशी तुम्ही देवगडला गेला होता," निरंजन म्हणाला. "भाचीच्या लग्नाला."

"हं."

"अकराला शाळेची सहल यायची होती. मोठी टाकी मधोमध रिकामी दिसली असती. नवरीला मागच्या टाकीतून इकडे आणायचं होतं. टब पाण्यात धरून मी दोन तास बसलो, तात्या. ती टबात येईना."

"दोन तास?"

"...वीस मिनिटं."

त्या मत्स्यालयात नियम असा एकच होता, आणि तो तात्यांचा होता. मासा पाण्यासकट उचलायचा. टब टाकीत बुडवून धरायचा, मासा आपण होऊन आत येईपर्यंत थांबायचं, मग टब उचलायचा. जाळी फक्त मेलेल्या माशासाठी.

"मग?"

"मग जाळी घातली. ती कोपऱ्यात गेली. तिथून पुढे जागाच नव्हती तिला. मी दाबली."

"तार वर आलीय हे माहीत होतं?"

निरंजनने मान हलवली. होतं.

"दोरा कधी गुंडाळलास?"

"त्याच संध्याकाळी. डोळा बघितल्यावर."

तात्यांनी दोरा बोटाला गुंडाळून खिशात ठेवला.

"औषध घालतोस ना डोळ्यात?"

"रोज. सकाळी तुम्ही यायच्या आधी, संध्याकाळी तुम्ही गेल्यावर. एक वेळही चुकवली नाही. पुस्तकात दिलंय तेच थेंब, तेवढेच."

"कसं घालतोस?"

"कसं म्हणजे... धरतो तिला. जाळीने..."

तो तिथेच थांबला. नऊ दिवस. दिवसातून दोनदा.

काचेपलीकडे नवरी दगडाला चिकटून होती. दुखरी बाजू दगडाकडे, चांगली बाजू त्याच्याकडे.

"टब आण," तात्या म्हणाले.

निरंजनने टब आणला. तात्या शिडीवर चढले, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि टब पाण्यात उतरवला. मग नुसतेच उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. निरंजन शिडी धरून खाली उभा होता.

"तात्या, मी त्या बाजूने जरा हात घालून..."

"नको."

"नुसता हात. जाळी नाही."

"शिडी धर."

अर्ध्या तासाने नवरी दगडाआडून वीतभर बाहेर आली आणि परत आत गेली. निरंजनने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. तात्यांचा हात हलला नाही. वयामुळे चहाचा कप धरताना तो हात थरथरायचा, पाण्यात मात्र लाकडासारखा होता. बाहेर भरतीचं पाणी पायऱ्यांना लागून गेलं, आणि उतरूही लागलं.

नवरी टबात आली तेव्हा तिला कोणी बोलावलं नव्हतं.

मागच्या बाजूला एक लहान टाकी होती, एकट्या माशाची. त्यांनी टब तिच्यात बुडवला आणि कलता केला. नवरी आपण होऊन बाहेर पडली. तात्यांनी दिवा मालवला, टाकीच्या तीन बाजूंना गोणपाट टाकला. गाळून, निवळून ठेवलेलं स्वच्छ पाणी सोडलं.

हवालदाराला निरंजनने मोठ्या टाकीत सोडलं. बादली पाण्यात बुडवून, पाण्यासकट. तो बाहेर पडला आणि लगेच गस्तीला लागला, जणू रजेवरून आलाय.

"ह्याची माफी मागायला हवी," निरंजन म्हणाला.

"माग की."

निरंजन काचेशी वाकला. हवालदार दोनदा ह्या टोकाला जाऊन आला.

मग दोघे मागच्या टाकीशी येऊन बसले. निरंजनही बसला, पण गुडघा हलत होता.

"डोळा बरा होईल, तात्या?"

"सूज उतरेल. स्वच्छ पाणी आणि काळोख. दुसरं काही नको. दिसेल की नाही, ते मला ठाऊक नाही."

"औषध?"

"धरून घालायचं असेल तर नको."

"मग मी काय करू?"

"काही नको."

"असं कसं? नऊ दिवस मला झोप नाही. जेवायला बसलो की तो डोळा दिसतो. काहीतरी सांगा. तुम्ही रागावलात तरी चालेल. पण काही नको, असं म्हणू नका."

तात्यांनी ओला हात पुसला. मनगटावरची रेघ आता वाळली होती.

"उद्यापासून तिला खायला घाल," ते म्हणाले. "हाताने. कोळंबीचा तुकडा बोटांत धर, पाण्यात हात घाल आणि थांब."

"घालतो. सकाळीच येतो."

"डाव्या बाजूने."

निरंजनला वाटलं, तात्यांची चूक झाली. एरवी अशी चूक दाखवायला त्याला आवडायचं.

"डावीकडचं तिला दिसत नाही, तात्या."

"नाही."

"उजवीकडून धरलं तर लगेच येईल."

"उजवीकडून मी घालीन. तिला उपाशी ठेवायचं नाही. तू डावीकडून."

"पण मग ती माझ्याकडे येणार कशी? तिला दिसणार नाही. आणि माझा हात... माझा हात तिला..."

त्याने हात मांडीखाली दाबला.

"हात हलवू नकोस," तात्या म्हणाले.

"किती दिवस?"

तात्यांनी गोणपाटाची कड बोटाने जरा बाजूला केली. आत काळोखात नवरी पाण्यात स्थिर होती. पर तेवढे हलत होते.

"घाई तिला नाही," तात्या म्हणाले.

निरंजन थोडा वेळ तिथेच बसून राहिला. मग उठला, आपल्या चपला हातात घेतल्या, आणि पाय न वाजवता निघून गेला.