महाराजांचं फोलपट

“फोलपट!” दुर्गपाल राजा गरजला आणि भिवा बुरुडाचं नवंकोरं सूप त्यानं दरबाराबाहेर भिरकावलं. “तूही फोलपट, तुझं सूपही फोलपट!”

भिवानं मान खाली घातली. त्याची लेक येसू मात्र तडकली. महिनाभर बांबू सोलून सोलून बापाची बोटं रक्ताळली होती, ती तिनं पाहिली होती.

“महाराज, फोलपट म्हणून नाक मुरडू नका. आमची म्हैस तेच खाऊन दूध देते!”

“असं?” राजा दात-ओठ खात म्हणाला. “मग आठ दिवसांत मला अशी वस्तू आणून दे, जी कुणाच्याच, कशाच्याच उपयोगाची नाही. नाही आणलीस, तर बापलेक दोघंही राज्याबाहेर!”

येसूनं गाव पालथं घातलं. फुटकं खापर उचललं, तर शेजारीण ओरडली, “अगं ठेव, त्यात विस्तव नेते मी!” राख उचलली, तर ती भांडी घासायला हवी. चिंध्यांची गोधडी होते, शेणाच्या गोवऱ्या होतात. सात दिवस सरले. भिवानं मुकाट्यानं बोचकं बांधायला घेतलं.

आठव्या दिवशी ती रिकाम्या हातानं राजवाड्याशी आली. दारावर दोन पहारेकरी खिदळत होते.

“आज मला महाराज फोलपट म्हणाले!”

“एकदाच? मला न्याहारीच्या आत तीनदा!”

येसू थबकली. मग ताडताड चालत थेट दरबारात गेली.

“वस्तू कुठाय?” राजानं विचारलं.

“ती आपल्याच तोंडात आहे, महाराज. दिवाणजी, महाराज तुम्हाला फोलपट म्हणतात?”

“रोज,” दिवाणजी पुटपुटले.

“मग दिवाणगिरी गेली? निदान झोप तरी उडाली?”

“पहिल्या वर्षी उडायची. आता जांभई येते.”

“ऐकलंत? सेनापतीही फोलपट, आचारीही फोलपट, हत्तीसुद्धा फोलपट! या शब्दानं कुणी भीत नाही, कुणी सुधारत नाही, कुणाला रागही येत नाही. खऱ्या फोलपटानं म्हशीचं पोट तरी भरतं. आपल्या फोलपटानं काय होतं?”

राजा लालबुंद झाला. ताडकन उठून ओरडला, “गप्प बस, फोलपट!”

सगळा दरबार खो खो हसत सुटला!

“बघा,” येसू शांतपणे म्हणाली, “मी गप्पसुद्धा बसले नाही.”

राजानं डोळे वटारले, मिशी पिळली, दुसरा शब्द शोधला. सापडेना! शेवटी त्यालाच असं हसू फुटलं की मुकुट घसरून नाकावर आला.

“हरलो, पोरी!” हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं तिच्या हातात ठेवलं. “भिवा, राजवाड्याच्या कोठारातली सगळी सुपं यापुढे तुझ्याच हातची! आणि दिवाणजी, बाहेर फेकलेलं ते पहिलं आधी उचलून आणा. पळा, फो...”

“महाराज!” येसू म्हणाली.

“...पळा, दिवाणजी, पळा!”