पांढरा चुरा

“...पण मेलेल्या दाताला मजबूत करायचं, म्हणजे नक्की काय करायचं?”

गव्हाणे सरांनी हे विचारलं तेव्हा ते पेशंटच्या खुर्चीत आडवे होते. छातीवर कागदी ॲप्रन, हातात स्वतःची कवळी.

शिष्य हातमोजे चढवत होता. त्याचं नाव नकाते. बार्शीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्याला त्याचा दवाखाना. खाली दिवसभर पातेली आपटतात, वर दातांचं काम चालतं.

“सर, पंचवीस वर्षं तुम्ही हेच शिकवलंत.”

“शिकवलं. आता विचारतोय.”

नकातेला हसू आलं. कॉलेजात या माणसाला प्रश्न विचारला, की तो विचारणाऱ्याचीच उलटतपासणी घ्यायचा. मास्तर लोकांना कुतूहल फुटतं ते निवृत्तीनंतर. नोकरीत असताना परवडत नाही.

दात म्हणजे खालचा डावा सुळा. खालच्या जबड्यात सरांचे मोजून चार दात उरले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे सांभाळले, स्वतःचे पानतंबाखूला दिले. कवळीची तार या सुळ्याच्याच गळ्यात अडकायची. गेल्या महिन्यात तो हिरडीच्या जरा वर मोडला. नकातेनं रूट कॅनल केलं. सडकं काढलं, आतली नस काढली, पोकळी गुलाबी रबरासारख्या भरणानं बुजवली. दात राहिला, पण पोकळ.

सुळा टिकला तर कवळी टिकणार. सुळा गेला तर कवळी जिभेवर तरंगणार आणि सरांचं बोलणं फसफसणार.

बोलल्याशिवाय सरांना जगता येत नाही, हे पंचवीस बॅचना माहीत होतं.

नकातेनं कपाटातून एक काडी काढून त्यांच्या हातात दिली. उदबत्तीच्या काडीएवढी, इंचाहून लहान, धुरकट काचेसारखी.

“ही नुसती बघायला. फायबर पोस्ट. काचेचे धागे, राळेत घट्ट बसवलेले. मुळाच्या आत चिकटवायची. वर जे टोक राहतं, त्याच्याभोवती दाताचा आकार उभा करायचा. त्यावर कॅप.”

सरांनी काडी दोन अंगठ्यांत धरून दाबली.

“वाकते की रे.”

“वाकायलाच पाहिजे. दात वाकतो तेवढी.”

“दात वाकतो?”

“चावताना. केसभर. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“मला ठाऊक नव्हतं.”

मुलाणी सिस्टर ट्रे मांडता मांडता थबकल्या. बारा वर्षं त्या दवाखान्यांतून काम करत होत्या. डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

“आम्ही धातूचा खिळा घालायचो,” सर म्हणाले. “लॅबमधून ओतून यायचा.”

“माहितीय. पहाडासारखा. तो कधी वाकला नाही. मूळच उभं चिरायचं. मग पेशंट गाल धरून यायचा आणि तुम्ही विचारायचात, काय खाल्लंत? सुपारी?”

“हो.”

“एक जैन बाई आल्या होत्या. अठाईचा उपास चालू. त्यांनाही विचारलंत, सुपारी?”

“विचारलं.”

“त्या म्हणाल्या, डॉक्टर, आठ दिवस गरम पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुम्ही म्हणालात, मग नवव्या दिवशी खाल्ली असेल.”

सिस्टर फिसकन हसल्या आणि लगेच ट्रेकडे वळल्या.

सर छताकडे बघत होते...

“बाईंचा दात गेला,” ते म्हणाले.

“गेलाच. आणि केसपेपरवर आम्हाला लिहायला लावलंत, पेशंटचा निष्काळजीपणा. मी लिहिलं ते. माझ्या अक्षरात आहे.”

सर काडी बोटांत फिरवत राहिले.

“ही काडी कॉलेजात पहिल्यांदा आली तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं का?”

“बांगड्या करा म्हणालो होतो याच्या.”

“सगळे हसले.”

“तू नव्हतास हसला.”

“मीच आणली होती ती. पुण्याहून. तुम्हाला दाखवायला.”

...

“आता काय म्हणाल?” नकातेनं विचारलं.

सरांनी काडी परत दिली.

“बांगडी फुटते. हात शाबूत राहतो.”

हे उत्तर होतं का माफी, नकातेला कळेना. म्हाताऱ्यांची माफी अशीच असते. खाली सही नसते.

“जाडी किती घेतोयस?” सरांनी विचारलं.

“सगळ्यात जाड. तुमच्यासाठी खास. असा भक्कम करतो, की तुम्ही गेलात तरी दात राहील.”

“अहो डॉक्टर!” सिस्टर म्हणाल्या.

सर मात्र खळखळून हसले. बोळक्या तोंडाचं ते हसू जरा भीतीदायक होतं.

“कर,” म्हणाले. “बघू तरी.”

सिस्टरनी खुर्ची मागं नेली, दिवा तोंडावर ओढला आणि रोजच्या सवयीनं सांगितलं, “सर, दुखलं तर डावा हात वर करायचा.”

“त्यांना काय सांगताय?” नकाते म्हणाला. “नस काढलीय. दुखायला आत शिल्लक काय आहे?”

त्यानं सरांच्या तोंडावर निळं रबर ताणून बसवलं. मधल्या भोकातून तेवढा मोडका सुळा वर आला. सरांचं तोंड सताड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. नकातेच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं ते जरा चवीनं पाहिलं.

मग ड्रिल लावलं. बारीक पातं, हळू गती. आत जायचं, बाहेर यायचं. दर वेळी तो पातं सरांच्या छातीवर ठेवलेल्या हिरव्या कापडावर पुसत होता.

पहिल्यांदा गुलाबी निघालं. भरणाचे तुकडे. पुन्हा गुलाबी. पोस्टला हवी तेवढी खोली झाली.

आता रुंदी. त्यानं जाड पातं लावलं. आत नेलं, बाहेर काढलं, पुसलं.

सरांचा डावा हात वर गेला.

नकाते थांबला. “काय झालं सर?”

सरांनी हात खाली घेतला.

“वर्गात हात वर करायला लावायचे ना,” तो सिस्टरना म्हणाला. “हाताला वळण पडलंय.”

आणखी जाड पातं. आत, बाहेर. पुसलं.

हात वर.

“सर, दुखतंय? कसं दुखेल? हा दात मेलाय. परीक्षेत तुम्हीच विचारायचात, मेल्या दाताला भूल लागते का?”

हात खाली. नकातेनं दम घेतला, पुन्हा ड्रिल चालवलं. पातं पुसलं.

हात वर.

खाली दुकानात पातेल्यांची चळत कोसळली. कुणीतरी कुणालातरी शिवी घातली.

“डॉक्टर,” सिस्टर हळूच म्हणाल्या, “एक सांगू का? ड्रिल आत असतं तेव्हा ते हात वर करत नाहीत. तुम्ही पुसता ना, त्यानंतर करतात.”

नकातेनं सरांच्या डोळ्यांकडे पाहिलं. सर त्याच्याकडे बघत नव्हते. हनुवटी छातीला टेकवता येईल तेवढी टेकवून ते स्वतःच्या छातीवरच्या कापडाकडे बघत होते.

त्यांनी उजवा हात हळूहळू सरकवत आणला. बोट कापडावर ठेवलं. गुलाबी तुकड्यांवर नाही. त्यांच्या पलीकडे, पांढऱ्या चुऱ्यावर.

“चुरा आहे,” नकाते म्हणाला.

बोट हललं नाही.

“दाताचा.”

बोट तिथंच.

“नाही, सडका नाही. सडकं मागंच काढलं सगळं. हा चांगला दात आहे.”

सरांच्या भुवया वर गेल्या.

“काढावा लागतो. जागा करायला. पोस्टला.”

भुवया वरच.

“आणि पोस्ट कशाला, तर दात मजबूत...”

नकातेचं वाक्य तिथंच राहिलं.

...

सरांच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी तेवढी सुरसुरत होती.

मग नकातेनं जाड पातं काढून ट्रेमध्ये टाकलं. एक्स-रे दिव्यासमोर धरला. सुळ्याच्या एका बाजूची भिंत आधीच पातळ होती. हे त्याला सकाळीच दिसलं होतं. दिसलं होतं आणि जाड काडीही त्यानं सकाळीच काढून ठेवली होती.

“सिस्टर, दोन नंबरची द्या.”

“ती बारीक आहे.”

“तीच द्या.”

झाली होती तेवढ्याच जागेत त्यानं ती काडी बसवून पाहिली. बसली. कडेची फट सिमेंटनं भरून निघणार होती. पुढं त्यानं एक कणही काढला नाही. पोकळी धुतली, सुकवली, सिमेंट सोडलं, काडी आत सरकवली, निळा दिवा धरला. वर आलेल्या टोकाभोवती थराथरानं दात उभा केला. हिरडीच्या वर दोन मिलिमीटर उंचीचा सरांचा स्वतःचा दात कड्यासारखा उरला होता. त्याच्या काठाशी तो घासायला तीनदा गेला आणि तीनदा हात मागं घेतला. कॅप उद्या मिठी मारणार ती त्या कड्यालाच.

रबर निघालं. सरांनी चूळ भरली. जबडा डावीकडे-उजवीकडे हलवला. मग कवळी तोंडात घातली. तार नव्या सुळ्याच्या गळ्याशी जराशी अडली, अंगठ्यानं दाबल्यावर बसली.

“सोलापूर,” सर म्हणाले. “सासवड. सासूचे सहा सासरे.”

“सासूला सहा सासरे कुठून?” सिस्टरनी विचारलं.

“स तपासतोय, बाई.”

एकही स फसफसला नाही.

सर उठून बसले. ॲप्रन स्वतःच काढला, घडी घातली. चेहऱ्यावर तेच मघाचं कुतूहल.

“आता सांग. हा दात पहिल्यापेक्षा मजबूत झाला?”

“नाही.” हे बोलायला नकातेला कष्ट पडले. “काडी वरचा भाग धरून ठेवते, बस. दात होता तेवढाच आहे. म्हणजे, थोडा कमी. मी काढला तेवढा.”

“मग टिकेल कशावर?”

“उरलाय त्यावर.”

सर “हं” म्हणाले. चूक का बरोबर, सांगितलं नाही.

नकातेनं हातमोजे ओरबाडून काढले आणि बादलीत आपटले.

“हे तुम्हाला आत्ता सुचलं होय? डॉक्टर झाल्यावर वरच्या डिग्रीला, एमडीएसला असताना मागं उभे राहून कोण ओरडायचं? आणखी रुंद कर! भितोस काय! खिळा दणकट पाहिजे! मी कमी कोरलं म्हणून माझे सरावाचे दात तुम्ही सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलेत. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा टाकून घ्यायला मी आलोच नाही.”

“नाही आलास.”

“घरी काय सांगितलं माहितीय? अभ्यास झेपला नाही म्हणून. अजून आई लोकांना तेच सांगते.”

सर ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत. हेही पहिल्यांदाच.

“आणि आज तुम्ही खुर्चीत आहात म्हणून मीही तेच करत बसलो. रुंद, आणखी रुंद. तुम्हाला दाखवायला.”

“दिसलं,” सर म्हणाले.

त्यांनी पायानं चपला शोधल्या. एक खुर्चीखाली गेली होती. ती सिस्टरनी काढून दिली.

नकातेचा राग अजून उतरला नव्हता, पण आता त्यात दुसरंच काही मिसळलं होतं.

“एक विचारू सर? माझ्याबरोबर तिघं होते. तिघांनी शेवटपर्यंत केलं. एक पुण्यात आहे, एक नाशकात. तिसरा तर तुमच्याच खुर्चीवर बसलाय, विभागप्रमुख. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. फुकट केलं असतं त्यानं, पाया पडून. त्याला सोडून दोन तास एसटीत हाडं खिळखिळी करून घेत इथं आलात. अर्ध्यात पळून गेलेल्याकडे. का?”

सर दारापर्यंत पोचले होते. कठड्याला धरून वळले.

“ते माझ्याकडे पूर्ण शिकलेत.”