उगाळलेली गोळी

कृष्णाकाठच्या एका गावात नेमाण्णा नावाचा कासार होता. घरोघरी जाऊन बायकांना बांगड्या भरायचा. केवढाही जाड हात असो, त्याच्या हातून बांगडी क्वचितच फुटायची.

पुढं त्याला कंपवात झाला. हात ताठरले, थरथरायला लागले. त्याच सुमारास सासरी गेलेल्या एकुलत्या लेकीला, पद्माला, दिवस गेले. सातव्या महिन्यात ती हिरवा चुडा भरायला येणार होती. साऱ्या गावाला चुडा भरला, आता लेकीला आपल्या हातानं भरावा, एवढंच नेमाण्णाच्या मनात. दिवसभर वाटेकडं बघत बसायचा.

डॉक्टरांनी गोळी दिली. म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ अख्खी गिळायची. ही पोटात सावकाश विरघळते, रक्तात थोडी थोडी उतरते. हात सैल व्हायला वेळ लागेल, पण मग बराच वेळ चालतील. फोडायची नाही."

पद्मा यायच्या दिवशी मात्र त्याला दम निघेना. बायकोला म्हणाला, "सहाण आण. बाळाला मात्रा उगाळतात तशी उगाळून दे. लवकर लागू पडेल."

चंपाबाई म्हणाली, "डॉक्टर नको म्हणाले ना?"

"डॉक्टरची लेक येणार आहे का आज?"

गोळी उगाळली, मधातून चाटवली. हात मोकळे झाले. मग आपोआप हेलकावायला लागले, मानही डोलायला लागली. सारं औषध एकदम रक्तात चढलं होतं. चढलं तसं उतरलंही. दुपारी पद्मा दारात आली, तेव्हा हात लाकडासारखे ताठ. पहिलीच बांगडी फुटली. दुसरीही.

"आईकडून भरून घे," तो खाली बघत म्हणाला.

"आईनं भाकरी करावी, आण्णा. चुडा तुम्हीच भरायचा. बाळंतपणाला येईन तेव्हा भरा."

संध्याकाळच्या गाडीनं ती जुन्याच बांगड्यांवर परत गेली.

दोन महिने नेमाण्णा रोज अख्खी गोळी गिळून ओट्यावर बसायचा. हात सैल झाला, की नुसत्या हवेत बांगडी सरकवून बघायचा.

पद्मा आली. त्यानं गोळी घेतली. हात अजून कापतच होता. ती मांडीवर हात ठेवून समोर बसली आणि सासरच्या मारक्या म्हशीचं सांगत राहिली. सांगता सांगता तिनं खाली पाहिलं. एक हिरवी बांगडी मनगटावर चढली होती, आणि आण्णा दुसरी उचलत होते.

तात्पर्य: सावकाश यायचं ते ओढून आणलं, तर लवकर येतं खरं, पण गरजेच्या वेळी उरत नाही.