उसना विस्तव

फार फार वर्षांपूर्वी, काडेपेटी अजून जन्माला यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. निजताना बायका चुलीतले निखारे राखेत झाकून ठेवायच्या. सकाळी ते जिवंत निघाले तर ठीक, नाहीतर खापर घ्यायचं आणि शेजारी विस्तव मागायला जायचं. त्या निमित्ताने माणसं रोज एकमेकांचं तोंड पाहायची. किती गोड सकाळी होत्या त्या!

त्या गावात रखमाजी नावाचा एक शेतकरी होता. त्याची चूल कधी विझत नसे. विस्तव मागायला आलेल्याला तो नाही म्हणत नसे. पण निखारा खापरात टाकता टाकता एक वाक्यही टाकी.

“काय गं, आज पुन्हा विझला? चूल सांभाळता येत नाही, संसार कसा सांभाळतेस?”

मागणारी बाई हसे. वाटेत तिचा विस्तव तसाच राही, हसू मात्र विझून जाई.

हळूहळू त्याच्या दारी कुणी येईना. रखमाजीला वाटलं, गाव सुधारलं. गाव होतं तसंच होतं, फक्त लांबच्या वाटेने जाऊ लागलं होतं.

“मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही,” असं तो मिशीवर हात फिरवत सांगे. माणसाला दुर्गुण लपवता येतो, सद्गुण काही लपवता येत नाही.

पौषातल्या एका पहाटे त्याची माहेरी आलेली लेक बाळंत झाली. मुलगी झाली. अंघोळीचं पाणी चुलीवर होतं. अचानक मडकं फुटलं आणि सगळं पाणी चुलीत गेलं. राखेचा चिखल झाला. बाजेखालची शेगडी अजून भरायचीच होती. बाहेर धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी.

रखमाजीने गारगोट्या घासल्या. ठिणगी पडे, पण कापूस सर्दलेला. तो काही पेटेना.

“अहो, शेजारी जा ना!” बायको म्हणाली.

“मी? विस्तव मागायला? आजवर कुणाच्या दारात उभा राहिलो नाही.”

“मग तसं नातीला सांगा. तिचे ओठ निळे पडायला लागलेत.”

रखमाजीने खापर उचललं.

शेजारी ठकूकाकू राहायची. एकटी, म्हातारी. रखमाजीचे टोमणे सर्वांत जास्त तिनेच खाल्ले होते. तो तिच्या अंगणात गेला, खाकरला आणि खापर पाठीमागे धरून उभा राहिला.

“रखमाजी? इतक्या सकाळी?”

“सहज आलो, काकू.”

“सहज? आणि पाठीमागे काय लपवलंयस?”

त्याने खापर हळूच पुढे आणलं. मान खाली घालून तो म्हणाला, “काकू, विस्तव हवाय. लेक बाळंत झाली. चूल विझली.”

आता ती काय बोलेल, म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. पण ठकूकाकू वळली ती थेट चुलीकडे. तिने लगबगीने बाभळीचे सगळ्यांत लाल निखारे निवडून त्याच्या खापरात टाकले, त्यांवर राख पसरली.

“पळ! बघत काय उभा राहिलास? पोर गारठेल.” मग पदराने डोळे टिपत म्हणाली, “वीस वर्षं तुझ्याकडून नेत होते रे. तुला देण्यासारखं माझ्याकडे काही आहे, हे आज कळलं.”

शेगडी पेटली. घटकाभरात बाळाचे ओठ गुलाबी झाले आणि त्याने घर दणाणून सोडलं. ठकूकाकूने गावभर सांगितलं. कुणी लाकडं आणली, कुणी ऊन पाणी. कित्येक वर्षांनी रखमाजीचं अंगण माणसांनी भरलं.

“इतकी वर्षं ही माणसं होती कुठे गं?” त्याने बायकोला हळूच विचारलं.

“इथंच होती. तुम्ही विस्तवाबरोबर चटकाही देत होतात.”

त्यानंतर मात्र नवल झालं. पंधरा दिवसांतून एकदा तरी रखमाजीची चूल विझू लागली. निखारे मुद्दाम उघडे कोण ठेवतं, हे बायकोला ठाऊक होतं. तो खापर घेऊन निघे आणि कुणाच्या तरी ओसरीवर बसून, दोन घटका गप्पा मारून, विस्तव घेऊन येई.

तात्पर्य : ज्याला मागायची लाज वाटते, तो देतानाही दुसऱ्याला लाजवतो.