चिमा वानरी आणि विसर

फार जुन्या काळी एका रानात विसर नावाचं धुकं यायचं आणि म्हाताऱ्या प्राण्यांच्या मनातली नावं गिळायचं. म्हातारा कोल्हा तर आपल्याच बिळापुढे उभा राहून विचारायचा, "हे घर कुणाचं?"

एका सकाळी लेक समोर आली, तर चिमा वानरीला तिचं नावच आठवेना. ती हादरली. शेजारची मेंढी म्हणाली, "चिमाकाकू, माझ्या लोकरीचे तीन पेड घ्या आणि वेणी घालत राहा. हात गुंतले की विसराची पकड सुटते."

चिमा वेणी घालू लागली. धुकं कानाशी कुजबुजलं, "थकलीस गं. सोड आता."

"गप! पेड चुकला माझा," म्हणत तिने वेणी उकलली आणि पुन्हा घातली. एकाएकी तिच्या तोंडून निघालं, "तांबी!" वरच्या फांदीवरून लेकीने ओ दिली.

धुकं मात्र गेलं नाही. चिमाचे हात थांबायची वाट बघत ते झाडाखाली बसून राहिलं.