धुरपाबाईचा राग आणि होडीचा नळा

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट आहे. ते राज्य आता उरलं नाही, त्याचा राजा कोण होता हेही कुणाला सांगता यायचं नाही. पण त्या राज्यात एक रुंद खाडी होती आणि खाडीवर एक होडी चालायची, एवढं नक्की. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका, कारण ह्या गोष्टीतल्या सगळ्या चुका मोठ्या माणसांनी केल्या आहेत.

खाडीच्या अलीकडे बाजाराचं गाव होतं. पलीकडे शेतकऱ्यांची वस्ती होती, तिला सगळे पैलगाव म्हणत. मीठ, कापड, औषध, अडल्या वेळी सुईण, जे काही पलीकडे जायचं ते ह्या एका होडीतूनच जायचं.

लाकडाची होडी कितीही चांगली बांधली तरी तिच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. बसायच्या फळ्यांखाली, अगदी तळाशी ते साचत राहतं आणि वर बसलेल्याला दिसत नाही. ते पाणी उपसायला ह्या होडीत एक लाकडी नळा उभा बसवला होता. नळ्यात दट्ट्या होता, दट्ट्याला कातड्याची झडप होती. वरचा दांडा खालीवर केला की तळातलं पाणी नळ्यातून चढायचं आणि बाहेर खाडीत पडायचं. नळ्याच्या बुडाशी वेताची जाळी होती, कचरा आत शिरू नये म्हणून.

हा नळा धुरपाबाई सांभाळायची. पन्नाशीची, काटकुळी, आणि तोंडाची फार फटकळ.

पहिली खेप निघायच्या आधी ती फळी उचलायची, पोटावर आडवी व्हायची, हात खांद्यापर्यंत खाली घालून जाळी बाहेर काढायची आणि धुवायची. मग झडपेचं कातडं अंगठ्यानं दाबून बघायची आणि तेल लावून मऊ करायची. हे सगळं झालं की उतारूंना आत घ्यायची, आणि तिथून तिचा आवाज सुरू व्हायचा.

"ही टरफलं कुणाची? उचला. हा उकिरडा नाही."

लोक शेंगा खायचे, टरफलं पायाखाली टाकायचे. नारळ सोलून शेंड्या टाकायचे. बायका केस विंचरून गुंता फळीच्या फटीत सारायच्या. सगळं तळात जायचं आणि जाळीला चिकटून बसायचं. धुरपाबाईनं एकदा एका कापडवाल्याला भर होडीत वाकायला लावून एकेक टरफल उचलायला लावलं. दुसऱ्या वेळी झडपेला चीर गेलेली दिसली, तेव्हा तिनं होडी सुटूच दिली नाही. लग्नाचं वऱ्हाड दुपारपर्यंत काठावर उन्हात बसून राहिलं. नवी झडप बसल्यावरच ती बाजूला झाली.

वऱ्हाड पैलगावचं होतं. त्यांनी घाटाच्या मुकादमाकडे तक्रार केली. होडी, ती हाकणारा तांडेल, नळा, सगळं त्याच्या हुकुमात चालायचं. त्यानं घाटावर चार माणसं जमवली आणि धुरपाबाईला बोलावलं.

"काम चांगलं आहे तुमचं," मुकादम म्हणाला. "पण तोंड आवरा."

"तोंड आवरलं तर जाळी कोण साफ ठेवणार?"

"होडी बुडाली का आजवर?"

"नाही बुडाली."

"मग रोज एवढा आरडाओरडा कशासाठी?"

धुरपाबाई म्हणाली, "कशामुळे बुडाली नाही ते एकदा फळी उचलून खाली बघा, मुकादम. बघा आणि मग बोला."

मुकादम खाली उतरला नाही. त्याचं धोतर पांढरंशुभ्र होतं. त्यानं तिच्या हातातलं तेलाचं भांडं काढून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जमलेली माणसं हसली. आता जरा सुखानं बसता येईल, असंही कुणीतरी म्हणालं. त्या वेळी तिथे असतो तर तुम्हीआम्हीही हसलो असतो, हे कबूल करून टाकू या.

धुरपाबाई घरी गेली. अपमान तिला झोंबला. पण त्याहून जास्त झोंबली ती दुसरीच गोष्ट. एवढ्या माणसांत एकानंही विचारलं नव्हतं की मग उद्यापासून नळ्याचं कोण बघणार.

मुकादमानं नारबा नावाचा माणूस नेमला. नारबा अतिशय गोड. "या काका, इथं सावलीत बसा. ताई, पाय सांभाळून." त्यानं नळ्याच्या दांड्याला गेरूचा लाल रंग दिला. होडी सुटण्याआधी तो सगळ्यांसमोर दहा वेळा दांडा ओढायचा, पाणी भळाभळा पडायचं आणि लोक खूश व्हायचे. टरफलांबद्दल तो कुणाला एका शब्दानं बोलला नाही. आणि फळी त्यानं कधी उचलली नाही.

महिन्याभरात धार बारीक झाली. दुसऱ्या महिन्यात दहाच्या जागी पन्नास वेळा दांडा ओढावा लागू लागला. नारबाला हे कळत होतं. त्यानं मुकादमाला सांगितलंही.

"नळा जरा जड चालतोय."

"लोकांची तक्रार आहे का?"

"नाही."

"मग चालू दे."

नारबानं पुन्हा तो विषय काढला नाही.

पेरणीला आठ दिवस उरले होते. पैलगावच्या कणगीतलं भाताचं बियाणं त्या वर्षी किडलं होतं, म्हणून अख्ख्या गावानं मिळून बाजारातून बारा पोती नवं बियाणं घेतलं. पोती होडीत चढली, त्यांच्यासोबत चौदा माणसं चढली. मुकादमही निघाला होता. होडीची व्यवस्था इतकी छान केली म्हणून पैलगावनं त्याला सत्काराला बोलावलं होतं. अंगावर शेला, पायांत बकऱ्याच्या मऊ कातड्याचे नवे जोडे.

धुरपाबाईची बहीण पलीकडे आजारी होती. म्हणून धुरपाबाईही त्याच खेपेला आली, मागच्या टोकाला बसली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. काढून टाकल्यापासून ती पहिल्यांदाच त्या होडीत बसली होती.

खाडीच्या मधोमध आल्यावर तिनं कान टवकारले. नळा पाणी ओढतो तेव्हा त्याचा आवाज भरलेला येतो. हा आवाज कोरडा होता. नारबा घामानं निथळत दांडा ओढत होता आणि नळ्यातून नुसता वारा येत होता. धुरपाबाईनं होडीच्या काठावरून हात खाली सोडला. मनगटही पुरतं खाली गेलं नाही तोच बोटं खाडीच्या पाण्यात बुडाली.

"नारबा, फळी उचल."

"बाई, सगळं ठीक आहे," नारबा हळूच म्हणाला. "लोक घाबरतील."

"घाबरू देत. उचल."

"धुरपाबाई," मुकादम वैतागून म्हणाला, "इथंही सुरू झालात? खाली बसा."

ती बसली नाही. तिनं स्वतःच फळी उपटली. खाली काळं पाणी फळीच्या अंगाला लागलेलं होतं. पाण्याची चुळबुळ ऐकू येत होती.

"बघत काय बसलात? भांडी काढा, उपसा," धुरपाबाई ओरडली. तिनं नळा उचकटून वर घेतला. झडप वाळून मधोमध फाटली होती. जाळीवर टरफलं, शेंड्या आणि केसांचा बोटभर जाड थर बसला होता. तो तिनं नखांनी खरवडला, वेताच्या काड्या लागून बोटांतून रक्त आलं. जाळी मोकळी झाली. पण झडपेला कातडं हवं होतं.

"मुकादम, जोडा काढा."

"जोडा?"

"डावा, उजवा, कुठलाही. लवकर."

मुकादमानं जोडा काढून दिला. तिनं तांडेलाकडून सुरी घेतली आणि मऊ कातड्याची चकती कापायला लागली. तेवढ्यात होडी एका अंगाला कलली आणि काठावरून पाणी आत आलं.

"पोती टाका," धुरपाबाई म्हणाली.

पैलगावची एक बाई पोत्याला मिठी मारून बसली होती. "हे बियाणं आहे, बाई. हे गेलं तर आमचं वर्ष जाईल."

धुरपाबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ठाऊक आहे मला. टाका."

लोकांनी पोती ढकलायला सुरुवात केली. एक गेलं, दोन गेली. जवळचं पोतं ज्यानं त्यानं स्वतःच्या हातांनी ढकललं आणि बुडताना पाहिलं. नववं पोतं गेलं तेव्हा धुरपाबाईनं नवी झडप लावलेला दट्ट्या आत बसवला, नळा जागेवर उभा केला आणि दांडा ओढला. नळ्यात भरलेला आवाज झाला. मनगटाएवढी काळी धार बाहेर पडली. नारबा आणि ती आळीपाळीनं ओढत राहिले, बाकीचे भांड्यांनी उपसत राहिले आणि होडी काठाला लागली.

काठावर मुकादम एका पायानं अनवाणी उभा राहिला. त्यानं हात जोडले. "धुरपाबाई, आज तुम्ही देवासारख्या धावून आलात. तुमचे उपकार..."

"गप्प बसा," ती म्हणाली. "गोड बोलून माझा राग उतरवू नका. जाळी धुवायला किती वेळ लागतो ठाऊक आहे? एक भाकरी भाजून होत नाही तेवढ्यात. तेवढं केलं नाही म्हणून ह्यांचं वर्ष खाडीत गेलं."

मग ती पैलगावकरांकडे वळली. "आणि तुम्ही माझ्याकडे असे गरिबासारखे बघू नका. टरफलं तुमचीच होती. मला घालवलं तेही तुम्हीच."



नारबा खाली बसून रडत होता. "मला कळत होतं," तो म्हणाला. "मी मुकादमांना एकदा बोललो होतो."

"एकदा बोलून काय होतं?" धुरपाबाई म्हणाली. "पाणी काय एकदाच झिरपतं?"

त्या वर्षी पैलगावची निम्म्याहून जास्त शेतं पेरणीवाचून पडून राहिली. थंडी सरता सरता लोक रानातले कंद उकडून खाऊ लागले. दोन कुटुंबं कायमची गाव सोडून गेली.

मुकादमाला दोन्ही काठांच्या लोकांनी घाटावरून काढलं. धुरपाबाईला परत बोलावलं, तेव्हा ती आपली अट घालूनच आली. रोज पहिल्या खेपेला उतारूंपैकी एकानं पोटावर आडवं होऊन जाळी काढायची आणि धुवायची, मग तो कुणीही असो. जुना मुकादम पलीकडे जायला निघाला की त्यालाही पाळी चुकत नसे. नारबाला तिनं हाताखाली ठेवून घेतलं. ती त्याला रोज बोलायची आणि हळूहळू तोही उतारूंना बोलायला शिकला.

धुरपाबाई शेवटपर्यंत गोड झाली नाही. होडीत चढताना लोक मुठीतली टरफलं पदराला, धोतराच्या सोग्याला बांधून घ्यायचे, तिची बोलणी निमूट ऐकायचे, आणि पलीकडे कोरड्या पायांनी उतरायचे.

बोध एवढाच: जो माणूस न दिसणारं काम रोज करतो, त्याचा राग ऐकून घ्या, तो गप्प झाला तर संकट आलंय हे सांगायला कुणी उरत नाही.